वाचा गेली म्हणजे मन गेलें असें नव्हे
(महोत्सव-सप्ताहांत देवळाच्या मंडपांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या ह्या आनंदाच्या दिवसांत देवळाच्या जुन्या आठवणी सांगणारे वक्ते पुष्कळ आहेत. मला मात्र, जीं माणसें आज ह्या मंडपांत येऊं शकलीं नाहींत, त्यांच्याविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत. पक्षाघातानें ज्यांची वाचा गेली, आणि वाचा गेली म्हणून ज्यांच्या घरीं आपलें जाणेंयेणेंहि हळूहळू थांबलें, अशांविषयीं मी बोलणार आहें.

माझ्या वडिलांवर ही वेळ आली तेव्हां माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्याच प्रथम सांगतों. वडील आयुष्यभर वाडींतल्या क्रुसापाशीं तेर्स चालवीत; त्यांचा आवाज साऱ्या वाडीच्या परिचयाचा होता. एके सकाळीं त्यांचें तोंड वाकडें झालें, उजवा हात लुळा पडला आणि वाचा बंद झाली. रुग्णालयांतून घरीं आल्यावर चष्मा हवा असतां ते ‘दोर’ म्हणत, आणि आम्हीं दोर आणून दिला कीं डाव्या हातानें कपाळ बडवून घेत. म्हातारपणीं बुद्धि चळली, असा मीं निष्कर्ष काढला. बहिऱ्याशीं बोलावें तसा मी त्यांच्याशीं मोठ्यानें बोलूं लागलों. भेटीस आलेल्यांना त्यांच्या वतीनें मीच उत्तरें देऊं लागलों. आणि पहिल्या शुक्रवारीं पवित्र कम्युनियन घेऊन आलेल्या फादरांना, ‘त्यांना आतां कांहीं कळत नाहीं’, असें सांगून मीं दारांतूनच परत पाठविलें. वडील खाटेवरून हें सारें ऐकत होते, आणि त्यांना तें कळतहि होतें.

हें माझ्या ध्यानांत आलें तें वाचोपचार करणाऱ्या बाईंमुळें. त्यांनीं पहिल्याच दिवशीं वडिलांच्या समोर किल्ली, फणी, पेला व चष्मा मांडला, आणि एकेका वस्तूचें नांव घेऊन ती दाखविण्यास सांगितलें. वडिलांनीं एकहि चूक केली नाहीं. बाई म्हणाल्या, ‘घर शाबूत आहे, बाहेर पडण्याची वाट तेवढी ढासळली आहे.’

ही वाट कशी ढासळते तें थोडक्यांत सांगतों. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीनें बंद पडला, किंवा तेथील रक्तवाहिनी फुटली, म्हणजे पक्षाघात होतो. बहुतेक माणसांच्या भाषेचें ठाणें मेंदूच्या डाव्या बाजूस असतें, आणि उजवें अंगहि तीच बाजू चालविते. म्हणून उजवा हात आणि वाचा हीं पुष्कळदां एकाच वेळीं जातात. १८६१ सालीं पॅरिस येथील शस्त्रवैद्य पॉल ब्रोका ह्यांनीं, ‘टां’ एवढाच उच्चार करूं शकणाऱ्या एका रोग्याचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला, तेव्हां डाव्या बाजूच्या पुढल्या भागांत इजा आढळली. पुढें १८७४ सालीं कार्ल वेर्निके ह्यांनीं दुसऱ्या प्रकारचे रोगी वर्णिले. ते अस्खलित बोलतात, परंतु बोलण्यास अर्थ नसतो, आणि दुसऱ्याचें बोलणेंहि त्यांना नीट उमगत नाहीं. ह्या सर्वांस वाचाघात म्हणतात. पक्षाघात झालेल्यांपैकीं सुमारें एक तृतीयांश माणसांना तो होतो. याहून निराळे ते, ज्यांना शब्द सांपडतात पण जीभ व ओठ दुबळे झाल्यामुळें उच्चार अस्पष्ट होतात. दोहोंचे उपचार भिन्न आहेत, म्हणून आधीं परीक्षा व मग उपचार, हा क्रम होय.

वाचोपचार म्हणजे औषध नव्हे. तो अभ्यास आहे. चित्र दाखवून नांव विचारतात. नांव सुचेना तर पहिलें अक्षर देतात, वस्तूचा उपयोग सांगतात, आणि हा आधार हळूहळू कमी करीत जातात. शब्द अडला तर खूण करावी, बोट दाखवावें, चित्रांच्या वहींतून निवडावें, असेंहि शिकवितात. कारण मनांतलें दुसऱ्यापर्यंत पोंचणें हेंच साध्य आहे. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगानें होते, परंतु पुढेंहि, कित्येकदां वर्षानुवर्षें, ती चालू राहूं शकते. ‘आतां उशीर झाला’, असें म्हणून कोणीं हात टेकूं नयेत. आपल्यासारख्या, घरीं एक बोली, देवळांत दुसरी आणि कचेरींत तिसरी भाषा वापरणाऱ्या लोकांनीं तज्ज्ञांना हें आधींच सांगावें. सर्व भाषा सारख्याच जातात किंवा सारख्याच परत येतात असें नाहीं.

तिसऱ्या आठवड्यांत आमच्या घरीं एक नवल घडलें. संध्याकाळीं तेर्स चालू असतां ‘नमो मरिये’च्या उत्तरार्धांत वडिलांचा आवाज मिसळला, आणि शब्द अगदीं स्पष्ट निघाले! आम्ही चमत्कार म्हणून रडूं लागलों. दुसऱ्या दिवशीं बाईंनीं समजावून सांगितलें कीं, पाठ झालेली प्रार्थना, गाणें, अंकांची मोजणी, वारांचीं नांवें हीं नव्यानें जुळविलेल्या वाक्यापेक्षां निराळ्या वाटेनें येतात, आणि वाचाघातांतहि पुष्कळदां टिकून राहतात. ह्याच गुणाचा उपयोग करून १९७३ सालीं अमेरिकेंतील बोस्टन येथील संशोधकांनीं सुरावर वाक्यें म्हणविण्याची पद्धति मांडली. वडिलांना अद्याप पाणी मागतां येत नव्हतें, हें खरें; पण देवाशीं बोलण्याचे शब्द शाबूत होते, ह्याबद्दल मी आजहि कृतज्ञ आहें.

इंग्रज कोशकार सॅम्युएल जॉन्सन ह्यांची गोष्ट येथें आठवते. १७८३ च्या जून महिन्यांत लंडन येथें मध्यरात्रीनंतर त्यांना पक्षाघात झाला. बुद्धि तरी राहूं दे, अशी त्यांनीं देवाची करुणा भाकली, आणि ती प्रार्थना लॅटिन पद्यांत रचून स्वतःची परीक्षा घेतली. पद्य फारसें चांगलें साधलें नाहीं, हें स्वतःस कळतें आहे, त्या अर्थीं बुद्धि ठीक आहे, असें त्यांनीं ताडलें! वाचा गेली होती. तरी त्यांनीं चिठ्ठी लिहून शेजाऱ्यास बोलाविलें. पुढें त्यांची वाचा बऱ्याच अंशीं परत आली.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. पक्षाघातानंतर पुष्कळांना गिळणेंहि कठीण जातें. घांस किंवा पाणी श्वासनलिकेंत उतरून फुप्फुसाचा दाह होतो, आणि कधीं कधीं खोकल्याची सूचनाहि मिळत नाहीं. म्हणून गिळण्याची परीक्षा झाल्यावांचून प्रेमानेंहि तोंडांत कांहीं घालूं नये. हें कामहि वाचोपचारतज्ज्ञच करितात. पवित्र कम्युनियनविषयीं शंका असेल तर तज्ज्ञांस व फादरांस विचारावें. पवित्र भाकरीचा अगदीं लहान तुकडाहि पुरतो; आणि चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेंतील ९२५ व्या नियमानें, गरज पडल्यास, केवळ द्राक्षारसाच्या रूपांतहि तें देतां येतें. ‘आमेन’ तोंडानें म्हणतां येत नाहीं म्हणून कोणाचीहि भूक नाकारूं नये.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायांत एका बहिऱ्या व बोबड्या माणसाची कथा आहे. प्रभूनें त्याला प्रथम गर्दींतून बाजूस नेलें, आणि शब्दाआधीं स्पर्शानें त्याच्याशीं संभाषण केलें. रोग्याच्या घरीं जातांना आपणहि तसेंच करावें. दूरदर्शन बंद करावें, समोर बसावें, एका वेळीं एकच गोष्ट, लहान वाक्यांत, नेहमींच्या आवाजांत विचारावी. मग थांबावें. त्याचें वाक्य आपण पुरें करूं नये. समजलें नाहीं तर समजल्याचें सोंग करूं नये.

वडिलांनीं पुन्हां तेर्स चालविली नाहीं. वर्षभरानें त्यांना थोडेसे शब्द, एक चित्रवही आणि डाव्या हाताची खूण एवढेंच साधलें. पण ज्या दिवशीं मीं फादरांना पुन्हां घरीं आणलें, त्या दिवशीं मीं वडिलांची क्षमा मागितली. ते बराच वेळ ओठ जुळवीत राहिले. मीं मधें शब्द घातला नाहीं. शेवटीं ते म्हणाले, ‘कळतें.’

मुंबईंत वांद्रे येथें अली यावर जंग यांच्या नांवाची वाचा व श्रवण यांची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. म्हैसूर येथील अखिल भारतीय संस्था १९६५ पासूनची आहे. तेथवर रोग्यास नेण्यासाठीं एक गाडी, आणि घरीं आठवड्यांतून एकदां शांतपणें बसणारा एक शेजारी, एवढें जरी आपल्या पॅरिशनें ह्या महोत्सवाच्या स्मरणार्थ उभें केलें, तरी पुढच्या महोत्सवांत आज गप्प असलेल्यांपैकीं कोणी तरी ह्या मंडपांत ‘आमेन’ म्हणेल, अशी मला आशा आहे. प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.