शाळेच्या संकेतस्थळावरील फिरती चित्रे



मुळशी तालुक्यातील मारुंजी हे गाव हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानालगत आहे. अशा गावी कामासाठी आलेल्या कुटुंबाला शाळेची पहिली ओळख मोबाइलच्या पडद्यावर होऊ शकते. समजा, शाळेच्या मुखपृष्ठावर चार फिरती चित्रे आहेत, प्रवेशाची सूचना तिसऱ्या चित्रात आहे आणि माला दुसऱ्यापाशीच अडते. दोष यंत्राचा, पण प्रवेशाची तारीख चुकते ती एका बालकाची!

फिरत्या चित्रांची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगविलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले. अशा खेळाला तीन गोष्टी लागतात : पुढची काच तयार हवी, काचा एका मापाच्या हव्यात आणि बदलणारा हात लयीत हवा. संगणकावरही दोष शोधावयाचा तो याच क्रमाने.

चित्रांच्या मध्ये पांढरी पोकळी दिसली, तर पुढचे चित्र वेळेवर पोहोचले नाही असे समजावे. ४००० बाय ३००० बिंदूंचे छायाचित्र पडद्यासाठी उलगडताना सुमारे ४८ मेगाबाइट स्मृती व्यापते. मुखपृष्ठाला १२०० बिंदूंची रुंदी बहुधा पुरते. म्हणून चित्र आधी लहान करावे.

चित्र बदलताना खालचा मजकूर वरखाली उडतो, तेव्हा चित्रांची मापे विषम असतात. सर्वांना एकच चौकट द्यावी.

हालचाल अडखळते, तेव्हा लय पाहावी. पडदा सामान्यतः सेकंदाला ६० वेळा नवा होतो; म्हणजे प्रत्येक वेळी जेमतेम १७ सहस्रांश सेकंद मिळतो. चौकटीची रुंदी किंवा जागा बदलत राहिल्यास संगणकाला सारे पान पुन्हा मांडावे लागते. केवळ पारदर्शकता बदलल्यास तो भार हलका होतो. तसेच बदलास १ सेकंद लागत असेल, तर चित्र त्याहून पुष्कळ अधिक वेळ स्थिर राहावे. नाहीतर एक बदल संपण्यापूर्वीच दुसरा सुरू होतो.

माला मुळीच हलत नसेल, तर फाइलीचे नाव तपासावे. पुष्कळ सर्व्हरांना इंग्रजी मोठी व लहान अक्षरे भिन्न वाटतात; त्यामुळे घरच्या संगणकावर दिसणारे चित्र तेथे सापडत नाही. संगणकावर एफ-१२ कळ दाबल्यास उघडणाऱ्या खिडकीत अशी चूक बहुधा तांबड्या अक्षरांत दिसते. दुरुस्तीनंतरही जुनेच पान दिसले, तर ब्राउझरने साठविलेली प्रत पुसावी. मात्र वापरणाऱ्याने मोबाइलमध्ये हालचाल कमी करण्याची सोय निवडली असेल आणि माला त्यामुळे स्थिर राहत असेल, तर तो दोष नव्हे.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी व परिणाम पाहावा. गणित चुकलेल्या मुलाची पाटी शिक्षक पायरीपायरीने तपासतो, सगळी पुसून टाकीत नाही. तीच रीत येथे उपयोगी पडते; त्यासाठी अभियंताच हवा असे नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांहून अधिक काळ चालणारी हालचाल थांबविण्याची सोय असावी, असे जागतिक सुलभता निकष सांगतात. सावकाश वाचणाऱ्या पालकाला ती सोय हवीच. आणि प्रवेशाची तारीख फिरत्या चित्रात कधीही ठेवू नये. ती त्याखाली, ठळक व स्थिर अक्षरांत लिहावी. चित्रे अडली तरी चालेल. शाळेचे दार मात्र अडता कामा नये.