निर्णयाचे शब्द : इंग्रजी आणि मॅसिडोनियन

भाषांतरकाराला अडवितात ते जड पारिभाषिक शब्द, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः पारिभाषिक शब्दाला एकदां प्रतिशब्द ठरला कीं काम संपतें. खरी अडचण रोजच्या, साध्या वाटणाऱ्या शब्दांची असते. इंग्रजींतील 'डिसाइड' हें क्रियापद व 'डिसिजन' हें नाम यांचें उदाहरण पाहण्यासारखें आहे. उत्तर मॅसिडोनिया हा बाल्कन द्वीपकल्पांतील सुमारें 18 लक्ष वस्तीचा देश. 2005 सालापासून तो युरोपीय संघाच्या प्रवेशार्थी देशांत गणला जातो. संघांत जावयाचें तर संघाचे कायदे मॅसिडोनियन भाषेंत आणणें प्राप्त आहे, आणि त्या कायद्यांच्या पानोपानीं कोणी ना कोणी कांहीं तरी 'डिसाइड' करीतच असतो.

इंग्रजीला येथें एक शब्द पुरतो. मॅसिडोनियन भाषांतरकारापुढें निदान दोन उभे राहतात : 'ओद्लुका' आणि 'रेशेनिये'. पहिल्याच्या मुळाशीं वेगळें करणें ही कल्पना आहे, दुसऱ्याच्या मुळाशीं गांठ सोडविणें ही. इंग्रजी शब्द लॅटिनमधील कापण्याच्या धातूवरून आला आहे. म्हणजे इंग्रज एक घाव घालून मोकळा होतो, आणि मॅसिडोनियन एक तर निवडून काढतो, नाहीं तर उकल करतो. मराठी माणसाला हें परकें वाटण्याचें कारण नाहीं. सुपांतले धान्य गृहिणी निवडते आणि गांवातला तंटाही पंच निवडतात. 'निवाडा' हा शब्द त्यांतूनच आला. लोकशाहीच्या काळांत त्याच धातूपासून 'निवडणूक' निघाली. मॅसिडोनियन भाषेंतही 'इझ्बोर' म्हणजे निवड आणि त्याचेंच अनेकवचन 'इझ्बोरी' म्हणजे निवडणूक. मन द्विधा होण्याला ते लोक 'द्वोउमेन्ये' म्हणतात. त्यांतील 'द्वो' म्हणजे दोन हें सांगावयास नकोच.

'ओद्लुका' या शब्दाच्या अंगावर शेजाऱ्याची खूण आहे. जुन्या स्लाव्ह भाषेंतील एका नासिक्य स्वराचा मॅसिडोनियन भाषेंत 'आ' होतो व सर्बियन भाषेंत 'उ'. हाताला सर्बियन 'रुका' म्हणतो, तर मॅसिडोनियन 'राका'. त्या नियमानें 'ओद्लाका' व्हावयास हवें होतें. तें झालें नाहीं, यावरून शब्द सर्बियन बाजूनें आला असावा. मॅसिडोनियन भाषेला राज्यभाषेचा मान 1944 च्या ऑगस्टमध्यें मिळाला आणि तिची वर्णमाला व शुद्धलेखन 1945 सालीं ठरलें. इतक्या तरुण प्रमाणभाषेनें कचेरीचे शब्द शेजारून घेतले तर त्यांत नवल नाहीं. मराठीनें 'फैसला' आणि 'हुकूम' असेच घेतले.

दोन शब्द आले, म्हणजे त्यांची कामें वांटली गेलींच. मंत्रिमंडळ किंवा लोकसभा जें ठरविते ती 'ओद्लुका'. निवृत्तिवेतन मंजूर झाल्याचा जो कागद एखाद्या वृद्धाच्या हातीं पडतो तें 'रेशेनिये'. न्यायालय देतें ती 'प्रेसूदा'. इंग्रजी कागदांत या तिन्ही ठिकाणीं 'डिसिजन' लिहिलें तरी चालून जातें. भाषांतरकाराला मात्र आधीं शोधावें लागतें कीं ठरविणारा कोण. कारण शब्द चुकला तर दाद कोठें मागावयाची हेंच त्या वृद्धाला कळणार नाहीं.

क्रियापदाकडे वळलें कीं गुंता वाढतो. इंग्रज निर्णय 'करतो' किंवा मराठी माणसाप्रमाणें 'घेतो'. मॅसिडोनियन तो 'आणतो'. शिवाय तेथें प्रत्येक क्रिया चालू आहे कीं पुरी झाली, हें क्रियापदच सांगतें. 'ओद्लुचुवा' म्हणजे ठरविणें चाललें आहे. 'ओद्लुची' म्हणजे ठरलें, संपलें. आणि याहून मौजेची गोष्ट अशी कीं, बोलणारा त्या घटनेची स्वतः ग्वाही देत असेल तर 'ओद्लुची', आणि ती दुसऱ्याकडून कळली असेल तर बहुधा 'ओद्लुचिल'. मराठींत 'त्यानें ठरविलें' आणि 'त्यानें ठरविलें म्हणे' यांत जें अंतर आहे तें तेथें क्रियापदाच्या शेवटच्या एका 'ल'मध्यें बसविलें आहे. इंग्रजी बातमीदार 'सरकारनें ठरविलें' एवढें लिहून मोकळा होतो. मॅसिडोनियन बातमीदाराला तो 'ल' लावावा कीं गाळावा, हें ठरविल्यावांचून वाक्य पुरें करतां येत नाहीं. ही सक्ती जाचक खरी. पण अशी सक्ती पुष्कळ वर्तमानपत्रांना हितकारक झाली असती!

या शब्दांचें वजन 2018 सालीं सर्व देशाला कळलें. ग्रीसशीं झालेल्या करारानें देशाचें नांव बदलावयाचें होतें. करार मान्य करून युरोपीय संघांत व नाटोंत जावें काय, असा प्रश्न 30 सप्टेंबर रोजीं मतदारांपुढें ठेवण्यांत आला. राज्यघटनेचें 73 वें कलम असें कीं, एकूण मतदारांपैकीं निम्म्याहून अधिकांनीं मतदान केलें आणि त्यांतील बहुमत अनुकूल पडलें, तरच 'ओद्लुका' आणली गेली असें समजावें. मतदान सुमारें 37 टक्केच झालें. मत देणाऱ्यांपैकीं नव्वद टक्क्यांहून अधिक लोक अनुकूल होते. सरकार म्हणालें, लोकांनीं कौल दिला. विरोधक म्हणाले, घटनेच्या भाषेंत 'ओद्लुका' आलीच नाहीं. सरकारनें हें मतदान आरंभापासूनच सल्लामसलतीचें ठरविलें होतें, त्यामुळें त्याला तो शब्द वापरण्याची गरजच नव्हती.

पुढें 11 जानेवारी 2019 रोजीं लोकसभेनें 120 पैकीं 81 मतांनीं घटना दुरुस्त केली, आणि फेब्रुवारींत नवें नांव अमलांत आलें. 'देशानें आपलें नांव बदलण्याचें ठरविलें', असें इंग्रजींत सहज लिहितां येतें. मॅसिडोनियन वाचक तेंच वाक्य वाचून विचारतो : आणली कोणीं? आणि त्या प्रश्नाला घटनेला मान्य असें उत्तर एकच आहे, लोकसभेनें.