सभेत बोलताना
(नागपूर जिल्हा बैठकीतील भाषण)



साहेबापुढे आपली जीभ टाळूला चिकटते, कारण भाषणाला पुस्तकी भाषा लागते असे आपण समजतो. आपल्या वऱ्हाडातले, १८७६ साली शेणगावात जन्मलेले गाडगेबाबा शाळा शिकले नव्हते. कीर्तनात ते वऱ्हाडी बोलीत साधा प्रश्न टाकत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून वदवून घेत.

आपला प्रश्न वावरातच आहे. बियाणे, खत, निंदण, फवारणी, वेचाई यांचा एकरी खर्च कागदावर मांडा. कापूस, ज्वारी किती क्विंटल झाली ते लिहा. घरच्यांपुढे एकदा म्हणून पाहा. मग सभेत उभे राहून विचारा, "या भावात खर्च निघतो काय?" आणि थांबा. सभा उत्तर देईल.

आपला हिशेब आपण मांडला नाही, तर दुसरा त्याच्या सोयीने मांडेल.