ताटाची डावी बाजू आणि रशियन बीट

मराठी ताटाला डावी बाजू असते, ही गोष्ट महाराष्ट्रात राहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे ही मंडळी आपापल्या जागी निमूटपणे बसलेली असतात, आणि जेवणारा उजवीकडच्या भाजी-आमटीकडे लक्ष ठेवून त्यांना गृहीत धरीत असतो. नोकरीच्या निमित्ताने बिऱ्हाड उत्तरेला हलले म्हणजे मात्र या डाव्या बाजूची किंमत कळू लागते. चंडीगढला बँकेत, इस्पितळात, विद्यापीठात किंवा जवळच्या चंडीमंदिरच्या छावणीत बदलून आलेल्या मराठी कुटुंबाला गहू, दूध, भाजीपाला यांची ददात नसते. उलट ते सारे महाराष्ट्रापेक्षा चांगलेच मिळते. पण ओल्या नारळाला घरची चव नाही, कोकम सहजी सापडत नाही, कढीलिंबासाठी कोणाच्या तरी अंगणातले झाड शोधावे लागते. ताटाची उजवी बाजू भरते आणि डावी ओकीबोकी दिसू लागते. ती कशाने भरावी, हा त्या घरातल्या गृहिणीपुढचा रोजचा प्रश्न होऊन बसतो. मूल ताटावर बसून ‘आज पण तेच का?’ असे विचारते, तेव्हा तो लहान राहत नाही.

शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेल्या या नगरीत डिसेंबर लागला की भाजीबाजाराचा रंग पालटतो. फुलकोबी, मटार, मुळा, गाजर यांचे ढीग लागतात आणि त्यांच्या शेजारी मातीने माखलेली बीटे येऊन पडतात. मराठी बाई ‘बीट’ म्हणते, भाजीवाला ‘चुकंदर’ म्हणतो; फारसीतून आलेला हा शब्द पंजाबात घरचाच झाला आहे. ही बीटे तिथे कच्ची चिरून कांदा-मुळ्याबरोबर थाळीत मांडतात, किंवा कांजीत घालतात. मराठी घरात त्यांची एकच वाट ठरलेली : उकडा, किसा, दह्यात कालवा. ही कोशिंबीर वाईट नव्हे. पण तिचा तो भडक गुलाबी रंग आणि मातकट गोडी यांनी कित्येक मुलांचे बीटाशी जन्माचे वैर जडले आहे. दही गोड असले की गोडावर गोड होते, आणि डाव्या बाजूला हवा तो चटका नेमका हरवतो.

याच बीटाचा संसार रशियन गृहिणीने दुसऱ्या रीतीने थाटला आहे. तिच्या पदार्थाचे नाव विनिग्रेत. शब्द फ्रेंच, ‘आंबट द्राक्षारस’ म्हणजे शिरका, त्यावरून आलेला. एकोणिसाव्या शतकातल्या रशियन श्रीमंतांच्या मेजावरील विनिग्रेतमध्ये शिकारीचे मांस, मासळी असेही काही पडत असे. पुढे मांस गळाले, शिरकाही बहुधा गळाला, आणि राहिले ते उकडलेले बीट, बटाटा, गाजर, आंबवलेली कोबी, खारातली काकडी, कांदा आणि तेल. नाव दरबारी, अंग शेतकऱ्याचे, असा हा प्रकार आहे. रशियन बोलण्यात कशाचाही कशाशी मेळ नसलेल्या गोष्टीला सुद्धा ‘विनिग्रेत’ म्हणतात, आपण ‘खिचडी’ म्हणतो तसे. आपल्याकडच्या हॉटेलांत ‘रशियन सॅलड’ म्हणून अंड्याच्या पांढऱ्या दाट सॉसमध्ये बुडवलेले बटाटे-मटार मिळतात, त्याच्याशी याचा घोटाळा करू नये. तो मॉस्कोतील एर्मिताझ नावाच्या उपाहारगृहाच्या ऑलिव्हिए या आचाऱ्याने 1860 नंतरच्या दशकात प्रसिद्धीस आणलेल्या पदार्थाचा दूरचा वंशज आहे.

बीट, कोबी, बटाटा यांनाच रशियात एवढा मान का, याचे उत्तर तेथील हिवाळ्यात आहे. सहा-सहा महिने जमीन गोठलेली. शरदात जे तळघरात गेले तेच वसंतापर्यंत पुरवायचे. कंद वाळूत पुरून ठेवायचे, कोबी मिठात दाबायची. ताजे फळ दृष्टीस पडत नाही अशा काळात ‘क’ जीवनसत्त्वाची गरज या आंबलेल्या कोबीनेच भागवली. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक 1768 च्या सफरीवर निघाला तेव्हा स्कर्व्हीच्या भयाने त्याने हीच कोबी जहाजावर घेतली होती.

दुसरे कारण उपवासांचे. रशियन सनातनी ख्रिस्ती पंथात वर्षातले निम्म्याच्या आसपास दिवस मांस, दूध, लोणी, अंडी वर्ज्य सांगितलेली आहेत. लोणी नाही तर तेल. म्हणून वनस्पतिजन्य तेलाला रशियन भाषेत जे नाव पडले त्याचा अर्थच ‘उपवासाचे तेल’ असा होतो. आता ते बहुधा सूर्यफुलाचे असते. सूर्यफूल मूळचे अमेरिकेचे. त्याच्या बियांचे तेल गाळण्याचा उद्योग रशियात अलेक्सेयेव्हका गावच्या दानील बोकार्योव्ह या शेतकऱ्याने 1829 च्या सुमारास सुरू केला, आणि बघता बघता ते उपवासाचे तेल होऊन बसले. यावर हसण्याचा अधिकार आपल्याला मात्र नाही. आपल्या एकादशीचा बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, ही सारी अमेरिकेहूनच आलेली आहेत. आपल्या उपवासाला कांदा चालत नाही, त्यांच्या उपवासाला दूध चालत नाही, एवढाच फरक.

उपवासाच्या या ओघात अफनासी निकितिनची आठवण होणे साहजिक आहे. त्वेर गावचा हा व्यापारी पंधराव्या शतकात, 1470 च्या आगेमागे, समुद्रमार्गे चौलला उतरला, जुन्नरास गेला, पुढे बिदरपर्यंत फिरला. त्याचे ग्रंथ वाटेतच लुटले गेले होते. त्यामुळे आपला कोणता उपवास कोणत्या दिवशी येतो, ईस्टर कधी पडतो, याचा हिशेब त्याच्या हातून सुटला. आपल्या टिपणांत त्याने इथल्या लोकांचे खाणेपिणे बारकाईने नोंदवले आहे आणि त्याचबरोबर हरवलेल्या तिथींबद्दल वारंवार हळहळही केली आहे. घोडा विकून नफा मिळवायला निघालेल्या माणसाला परमुलखात सर्वांत जास्त काय टोचले, तर घरची तिथी आणि घरचे पथ्य! गावी पोचण्यापूर्वीच, स्मोलेन्स्कच्या वाटेवर, त्याला मरण आले. 1957 साली भारत आणि सोव्हिएत रशिया यांनी मिळून ‘परदेसी’ नावाचा बोलपट काढला तो त्याच्याच प्रवासावर.

चंडीगढात रशियन वस्तूची ओळख होणे अवघड नाही. पंजाब विद्यापीठात रशियन भाषेचा विभाग आहे. भाषा शिकणारी मुले शब्दांबरोबर पदार्थांची नावेही घरी आणतात. नाव आले की करून पाहण्याची हौस येते. आता प्रत्यक्ष कृतीकडे वळावे.

चार माणसांच्या डाव्या बाजूला दोन मध्यम बीटे, तेवढेच बटाटे, एक मोठे गाजर, एक कांदा, वाटीभर आंबवलेली कोबी आणि अर्धी वाटी उकडलेले मटार पुरे होतात. बीट निवडताना थोराड घेऊ नये. त्याच्या आत लाकडासारखी वलये असतात. देठ दोन बोटे ठेवून पाने कापावी. ती पाने टाकू नयेत, त्यांची चाकवतासारखी भाजी होते. खालची शेपटी मात्र मुळीच तोडू नये. साल आणि शेपटी शाबूत ठेवून अख्खे बीट उकडले तर रंग आणि गोडी आत राहते. चिरून उकडले तर दोन्ही पाण्यात जातात. साध्या भांड्यात तासभर, कुकरमध्ये वीस-पंचवीस मिनिटे लागतात. पाण्यात सोडा कदापि घालू नये. बीटाचा रंग आम्लात खुलतो आणि क्षारात पिवळा पडून मरतो. बटाटे आणि गाजरही सालीसकट, पण वेगळ्या भांड्यात उकडावीत. ही सर्व मंडळी पूर्ण गार झाल्यावरच सोलून मटारएवढ्या चौकोनी फोडी कराव्यात. घाई इथेच नडते. गरम बटाटा चिरला की त्याचा लगदा होतो, आणि मग विनिग्रेत न होता लाल भरीत होते.

खरा प्राण आंबटपणात आहे. तो लिंबाचा नव्हे, शिरक्याचाही नव्हे. मिठात आपोआप आंबलेल्या भाजीचा. एक किलो कोबी बारीक चिरून तिला वीस ग्रॅम, म्हणजे चार चहाचे चमचे सपाट भरून, मीठ लावावे, एक गाजर किसून घालावे आणि पाणी सुटेपर्यंत हातांनी चांगली मळावी. काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत दाबून भरावी. पितळ किंवा अ‍ॅल्युमिनियम नको. वर वजन ठेवून कोबी आपल्याच पाण्याखाली बुडलेली राहील असे पाहावे, कारण बुरशी धरते ती वर उघड्या राहिलेल्या भागालाच. रोज एकदा स्वच्छ काडीने तळापर्यंत टोचून आतला वायू जाऊ द्यावा. मुंबईच्या दमट उकाड्यात ही कोबी चार दिवसांत आंबते खरी, पण मऊ पडते. चंडीगढच्या डिसेंबरात दिवस वीस अंशांच्या आसपास आणि रात्री त्याहून पुष्कळ गार. त्या हवेत ती आठ-दहा दिवस घेते आणि कुरकुरीत राहते. मराठी गृहिणीला नारळ-कोकम नाकारणारी हवा या एका बाबतीत तिच्यावर प्रसन्न आहे.

खारातल्या काकडीची अडचण मात्र खरी आहे. रशियात काकडी उन्हाळ्याअखेर शेपूची दांडी आणि लसूण घालून मिठाच्या पाण्यात ठेवतात आणि हिवाळाभर खातात. चंडीगढला काकडीचा बहर उन्हाळ्यात, त्या वेळी पारा चाळिसापुढे. दोन-तीन दिवसांत ती आंबून जाते आणि बीटाच्या मोसमापर्यंत टिकवायची म्हटले तर कठीणच. इथे पंजाबी शेजारीण उपयोगी पडते. तिच्या गच्चीवर थंडीच्या उन्हात कांजीची बरणी ठेवलेली असते : काळी गाजरे, बीटाच्या फोडी, मीठ, तिखट आणि कुटलेली मोहरी पाण्यात घालून तीन-चार दिवस आंबवलेली. मराठीत कांजी म्हणजे आजाऱ्याची भाताची पेज, तेव्हा पहिल्या दिवशी थोडा गैरसमज होतो. पण एक घोट घेतला की तो मिटतो. या कांजीतली गाजरे बारीक चिरून काकडीच्या जागी घातली तर विनिग्रेतला ती शोभतात. मोहरीचा झणका परकाही वाटत नाही. रशियन बायकाही कधी कधी तेलात मोहरी फेटून घालतात.

शेवटी कालवणे. एका पसरट भांड्यात प्रथम फक्त बीट घ्यावे आणि त्याला दोन मोठे चमचे सूर्यफुलाचे तेल चोळावे. तेलाचा पातळ थर बसला की बीट रंग सोडण्याचे बरेच आवरते घेते. मग बटाटा बटाट्यासारखा आणि गाजर गाजरासारखे दिसते. नंतर बाकीचे सारे घालावे, कोबी पिळून, कांदा सर्वांत शेवटी. मिरपूड घालावी. मीठ चाखूनच घालावे, कारण कोबीने ते आधीच आणलेले असते. तासभर गार जागी मुरू द्यावे. कांदा घातल्यावर ते दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवण्यात अर्थ नाही.

इथे फोडणीचा मोह होतो. हिंग-मोहरीची फोडणी, वर कोथिंबीर आणि शेंगदाण्याचे कूट घातले तर पदार्थ बिघडत नाही, उत्तमच लागतो. मात्र मग तिला कोशिंबीर म्हणावे. साखर घालू नये, बीटाने तिचे काम केलेले असते. याच बीटातील साखर उसाच्या साखरेसारखीच असते, हे बर्लिनच्या मार्गग्राफने 1747 साली दाखवले होते. रशियन माणूस हे राईच्या काळ्या पावाबरोबर आणि खारवलेल्या मासळीबरोबर खातो. मराठी ताटात ते मुगाच्या खिचडीशेजारी फार चांगले बसते, बाजरीच्या भाकरीशेजारी त्याहून चांगले. पुरीशी मात्र त्याचे जमत नाही.

बीटाच्या रंगाबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे. काळ्या गाजराचा जांभळा रंग आणि बीटाचा लाल रंग पाहायला जवळचे, पण कुळाने अगदी वेगळे. गाजरातला रंग अँथोसायनिन, बीटातला बीटालेन. ज्या झाडात एक असतो त्यात दुसरा आढळत नाही. बीटाचे सगेसोयरे आहेत ते पालक, चाकवत, राजगिरा आणि आपला लाल माठ. माठाची भाजी शिजवताना भाताला लागतो तो रंग याच जातीचा. चंडीगढच्या सेक्टर 3 मधील बागेत जी बोगनवेल फुलते तिच्या झगझगीत पाकळ्यांचा रंगही त्याच जातीचा. हा रंग पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो, म्हणून बीट खाल्ल्यावर काही माणसांची लघवी तांबडी होते. त्याने घाबरून दवाखाना गाठण्याचे कारण नाही. मूतखड्याचा त्रास असणाऱ्याने मात्र बीट जपून, वैद्याला विचारून खावे, कारण त्यात ऑक्झॅलेट पुष्कळ असते.

मार्च उजाडला की बाजारातली बीटे जून होऊ लागतात आणि कोबीचा गड्डा पोकळ लागतो. बरणीत उरलेल्या कोबीचे आंबट पाणी ओतून देऊ नये. उकडलेल्या बटाट्याच्या आमटीत ते घातले तर चिंचेची उणीव भासत नाही. बरणी घासून उन्हात पालथी ठेवावी. ती पुन्हा लागेल डिसेंबरात.