मुलांचे दांत आणि पिण्याचें पाणी

मुलांच्या दांतांचा विषय घरांत निघतो तो बहुधा दाढ ठणकूं लागल्यावर. परंतु दांत हिरडीबाहेर येण्यापूर्वींच त्याचें बरेंचसें बरेंवाईट ठरून गेलेलें असतें, आणि त्यांत पिण्याच्या पाण्याचा वांटा मोठा असतो. आज त्याचाच थोडा विचार करूं.

१९०१ सालीं अमेरिकेंतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या शहरीं फ्रेडरिक मॅके नांवाचे तरुण दंतवैद्य व्यवसायासाठीं आले. तेथेंच वाढलेल्या पुष्कळ मुलांच्या दांतांवर त्यांना तपकिरी डाग आढळले. ते घांसून जात नसत. पण नवल असें, कीं हे डागाळलेले दांत सहसा किडतही नसत. या कोड्याचा त्यांनीं वर्षानुवर्षें पाठपुरावा केला. अखेर १९३१ सालीं चर्चिल नांवाच्या रसायनज्ञानें पाण्याचें पृथक्करण करून कारण दाखवून दिलें : पाण्यांतील फ्लोराइड. पुढें डॉ. ट्रेंडली डीन यांनीं गांवोगांवच्या मुलांचे दांत तपासले. लिटरास सुमारें १ मिलिग्रॅम फ्लोराइड असलें म्हणजे कीड कमी होते व ठळक डागही पडत नाहींत, असें त्यांस दिसून आलें. त्याच आधारावर १९४५ सालीं ग्रँड रॅपिड्स शहरानें नळाच्या पाण्यांत तें मिसळण्यास प्रथम आरंभ केला.

हें ऐकून कोणी म्हणेल, मग आपणही तसेंच करावें. परंतु आपल्याकडील कित्येक भागांची अडचण याच्या नेमकी उलट आहे. १९३७ सालीं तत्कालीन मद्रास इलाख्यांतील नेल्लोर भागांत फ्लोराइडच्या अतिरेकानें माणसांचीं हाडें व सांधे ताठर झाल्याचें डॉक्टरांनीं नोंदविलें. महाराष्ट्रांतही यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गांवीं कूपनलिकांच्या पाण्यांत हें द्रव्य प्रमाणाबाहेर आहे. खोल खडकांत दीर्घकाळ राहिलेलें पाणी तेथील खनिजांतून तें घेऊन वर येतें. डोळ्यांना वा जिभेला त्याचा पत्ता लागत नाहीं. भारतीय मानकाप्रमाणें लिटरास १ मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा. दुसरें पाणी मिळतच नसेल, तर फार तर १.५.

शिक्षकाच्या नात्यानें येथें एक सांगावेंसें वाटतें. अशा गांवचें मूल शहरांतील शाळेंत येतें, तेव्हां त्याच्या दांतांकडे पाहून वर्गांत हंसें होतें. 'दांत घांसत नाहींस काय?' असें मोठीं माणसेंही विचारतात. मूल ओठ मिटून घेतें; पुढें वर्गांत उभें राहून बोलण्यासही धजत नाहीं. वस्तुतः तो डाग म्हणजे मळ नव्हे. जन्मापासून सुमारें आठव्या वर्षापर्यंत, दांत आंत घडत असतांना, पोटांत गेलेल्या पाण्याची ती खूण आहे. त्यांत त्या मुलाचा दोष तो कोणता?

आतां घरीं काय करावें? कूपनलिकेचें पाणी पीत असाल, तर तें प्रयोगशाळेंत तपासून घ्या. उकळल्यानें फ्लोराइड जात नाहीं; वाफ निघून गेल्यानें त्याचें प्रमाण उलट थोडें वाढतें. तें अधिक आढळल्यास पिण्यासाठीं व स्वयंपाकासाठीं नदीचें अथवा पावसाचें, शुद्ध केलेलें पाणी निराळें ठेवावें.

जेथें पाण्यांत फ्लोराइड बेताचें आहे, तेथें फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट मुलांना हितकर असते; मात्र तिची मात्रा मोजकी हवी. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पुरे. ब्रश भरून देऊं नये. पेस्ट गोड लागते म्हणून मुलें ती गिळतात. यासाठीं वडीलधाऱ्यांनीं शेजारीं उभें राहून थुंकावयास शिकवावें. जेथें पाण्यांतच अतिरेक आहे, तेथें कोणती पेस्ट वापरावी हें दंतवैद्यास विचारावें. शिवाय झोपतांना दुधाची बाटली व दिवसभर चघळावयाच्या गोळ्या चालूच राहिल्या, तर एकट्या पेस्टनें कीड थांबत नाहीं.

आणि श्रोतेहो, डागाळलेल्या दांतांचें एखादें मूल आपल्या दृष्टीस पडलें, तर त्याच्या आईबापांना दंतमंजनाची चौकशी करण्याऐवजीं एवढेंच विचारा, कीं तुमच्या गांवीं पाणी कोठून येतें? कदाचित् त्याच्या पाठच्या भावंडांचे दांत त्या एका प्रश्नानें वांचतील.