सैनिक ते सुवर्णपदक विजेता



सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले आणि पोहू लागले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे, अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये, ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत कापून त्यांनी विश्वविक्रमासह भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मात्र २०१८ साली मिळाली, तब्बल ४६ वर्षांनी!

माहूरच्या पालकांनो, आपले मूल अपंग असो वा परीक्षेत नापास झालेले, 'नशीब' म्हणून त्याला घरी बसवू नका. मुलांनो, शाबासकी उशिरा येईल, पण मेहनत आजच सुरू करा. अल्लाह तुम्हांला हिंमत देवो.