महाड तालुका : स्वावलंबन आणि आपत्तिसज्जता
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



निवृत्तीनंतर महाड तालुक्यातील मूळ गावी जावे, वडिलार्जित जागेवर घर बांधावे आणि शहराचा भरवसा न धरता शेतीभातीवर कालक्रमणा करावी, असा मनोदय आपल्यापैकी अनेक मुंबईकर मंडळी बोलून दाखवितात. २०२० सालच्या टाळेबंदीत चाळीतील एका खोलीत कोंडून राहिल्यापासून हा विचार विशेष बळावला. विचार स्तुत्य आहे. परंतु गावाची ओढ ही एक गोष्ट आणि गावाची योग्यता ही दुसरी. त्या योग्यतेचा निःपक्षपाती परामर्श घेण्याचे मी आज योजिले आहे.

प्रथम जमेची बाजू पाहू. आपल्याकडे दरसाल सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. खाचरांत भात पिकते, वरकस जमिनीवर नाचणी व वरी होते, आणि भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल येतो. यांपैकी नाचणी तर कीड न लागता वर्षानुवर्षे टिकते. शिवाय आपल्या पूर्वजांनी आगोटीची एक रीतच घालून दिली होती. मृग लागण्यापूर्वी घरात तांदूळ, मीठ, मसाला, आमसुले, सुकी मासळी, सरपण व गोवऱ्या भरून ठेवावयाच्या, म्हणजे चार महिने बाजाराचे तोंड पाहावे लागत नसे. आपत्तिसज्जता हा शब्द नवा असला, तरी ती विद्या आपल्या आजीबाईंना अवगत होती.

आता खर्चाची बाजू. एवढा पाऊस पडूनही वैशाखात अनेक वाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. कारण डोंगरउतारावरचे पाणी न थांबता नदीवाटे खाडीस मिळते. आपल्याच तालुक्यातील रायगडावर, जेथे १६७४ साली शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, तेथे आकाशातून पडलेले पाणी तलावांत व टाक्यांत साठवून राजधानी नांदविली गेली. गडाच्या माथ्यावर जे साधले, ते पायथ्याच्या वाडीला साधत नाही, याचा दोष पावसाला कसा द्यावा?

दुसरे संकट पुराचे. सावित्रीस गांधारी व काळ या नद्या मिळतात. त्यांच्या लोंढ्याची गाठ खाडीच्या भरतीशी पडली की पाणी गावात शिरते. तिसरे आणि सर्वांत भयंकर संकट दरडीचे. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते या गावांत दरडींखाली दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे डोंगर खचून ऐंशीहून अधिक जीव गेले. त्या वेळी महाड शहर पाण्यात होते, रस्ते बंद होते, आणि बचावपथके तेथे पोहोचावयास दुसरा दिवस उजाडला. रस्त्याचा भरवसा किती धरावा, हे तर २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला व त्याबरोबर दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या, तेव्हाच कळून चुकले होते.

यावरून मला असे प्रतिपादन करावयाचे आहे की, गावाची परीक्षा दिवाळीतल्या शोभेवरून करू नये. ती आषाढातल्या सर्वांत वाईट आठवड्यावरून व वैशाखातल्या शेवटच्या पंधरवड्यावरून करावी. घर बांधू इच्छिणाऱ्याने चार प्रश्न विचारावेत. वरच्या उतारावर भेगा पडल्या आहेत काय, झाडे कलली आहेत काय, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते काय? २०२१ च्या पुराची खूण आपल्या जोत्याच्या वर आहे की खाली? विहीर ज्येष्ठापर्यंत पुरते काय? आणि रस्ता तुटल्यास पंधरा दिवसांचे धान्य, औषध व दिवाबत्ती वाडीत आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रतिकूल आले, तर ती जागा पणजोबांची असली तरी सोडावी. वाडवडिलांच्या मातीवरील प्रेमाने ती माती डोंगराला धरून राहत नाही.

पाचवा प्रश्न मी मुद्दाम निराळा ठेवला आहे. हाक मारल्यास धावून येणारे हात किती? आपल्या कित्येक वाड्यांत वृद्ध माणसे व कुलूपबंद घरे एवढेच उरले आहे. कणगी भरलेली असली, तरी ती खांद्यावर घेऊन उंचावर नेणारा तरुण मुंबईत असेल, तर ते स्वावलंबन नाममात्र होय. एकट्या कुटुंबाचे स्वावलंबन आपल्या भूमीत संभवत नाही. संभवते ते साऱ्या गावाचे.

येथे ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावर एक गोष्ट स्पष्ट बोलणे मला कर्तव्य वाटते. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी सर्वांस मोकळे असावे, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला. ज्या गावात पाणवठे वाटलेले असतात, ते गाव संकटाच्या दिवशीही वाटलेलेच राहते. दरड कोसळताना आळी विचारीत नाही. म्हणून आपण जी काही योजना करू, ती आपल्या घरांपुरती आखली तर फसेल. ती वाडीतील शेवटच्या झोपडीपर्यंत पोहोचली पाहिजे.

तेव्हा कार्यकारी मंडळास माझी नम्र सूचना आहे. सभागृहासाठी जमविलेल्या निधीतील काही भाग दोन वर्षे तरी गावाकडे वळवावा. उतारावरील वाड्यांची भूवैज्ञानिकांकडून पाहणी व्हावी म्हणून जिल्हा प्रशासनाकडे लेखी पाठपुरावा करावा; सुरक्षित उंचवट्यावर सामाईक धान्यकोठी व पावसाच्या पाण्याची टाकी बांधावी; आणि दर पावसाळ्यात आळीपाळीने काही तरुणांनी गावी मुक्कामास राहावे. सभागृह दोन वर्षे उशिरा उभे राहिल्याने कोणाचे अकल्याण होणार नाही. उताराखाली निजलेल्या माणसांना मात्र दोन पावसाळ्यांचा अवधी मिळेलच, असे कोणी सांगावे?

माझा निष्कर्ष थोडक्यात असा : आपला तालुका राहण्यास योग्य आहे, त्यातील प्रत्येक जागा योग्य नाही. जागा पारखून, पाणी अडवून आणि सर्व शेजाऱ्यांना बरोबर घेऊन जे परततील, त्यांना ही भूमी उपाशी ठेवणार नाही.